कोरडवाहू हिवाळी गहू: तांबेऱ्यावर एकच जोरकस जीन, की थोडी थोडी ताकद?

पाभर | १४ जून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज प्रश्न घेऊन आले आहे.

मी मूळची संगमनेर तालुक्यातली. गेली नऊ वर्षं अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात गव्हाचे नवे वाण तयार करण्याच्या कामात आहे. वॉशिंग्टन म्हटलं की सिअ‍ॅटलचा पाऊस आठवतो, पण कॅस्केड डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलं की पर्जन्यछाया. घाट उतरून पारनेर-कर्जतकडे यावं तसं. इथे लिंड नावाच्या गावी १९१५ पासून कोरडवाहू संशोधन केंद्र आहे, तिथला वर्षाचा पाऊस साधारण २४० मिलिमीटर. आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या निम्मा म्हणा. त्यातलाही बराचसा हिवाळ्यात, काही बर्फाच्या रूपाने.

म्हणून इथला शेतकरी एक वर्ष रान पडीक ठेवतो आणि दुसऱ्या वर्षी पेरतो. दोन वर्षांच्या ओलीवर एक पीक. पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. तेव्हा वरची माती कोरडी ठक्क असते, ओल खाली. बी त्या ओलीत टेकवायचं म्हणजे कोंबाला १२ ते १५ सेंटिमीटर माती फोडून वर यावं लागतं. मग कडक हिवाळा, कुठे कुठे बर्फाखाली, मग वसंतात पिवळा तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोग, मग जुलैचं ऊन. या सगळ्यातून जो निभावेल तो वाण.

माझ्याकडे आता दोन वाणं उरली आहेत. ‘अ’वर गेल्या चार वर्षांत तांबेऱ्याचा एक फोडही दिसलेला नाही, त्यात रोग पुरता अडवणारा एकच मोठा जीन आहे. ‘ब’ रोपावस्थेत तांबेऱ्याला बळी पडतो, पण मोठा झाला आणि हवा तापली की रोग जागच्या जागी थबकतो. यंदा ‘ब’च्या पानांवरच्या रोगाची शेवटची नोंद ३० टक्के, तर शेजारच्या मुद्दाम लावलेल्या रोगाळू ओळीची ९०. उलट खोल पेरणीत ‘ब’ सरसर वर येतो, ‘अ’ अडखळतो.

अनेक ठिकाणच्या मोठ्या चाचणीत जागा एकच शिल्लक आहे. पेरणीआधी ठरवायचंय. इथे शेती करणारे, रोगांवर काम केलेले बरेच जण आहेत. तुम्ही कोणतं पुढे न्याल, आणि का?

निफाडचा_मळा | १४ जून
वाचतोय. असा धागा इथे पहिल्यांदाच आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बांधावरचा | १५ जून
ताई, मी शाळा फार शिकलेला माणूस नाही, पण जिरायत गहू वडिलांच्या काळापासून बघितलाय. माझं उत्तर एका ओळीत: जो उगवतो तो पुढं न्या. उगवलाच नाही तर तांबेरा लागणार कशाला?

आमच्याकडं दसऱ्याच्या आसपास पेरायचो. पाऊस लवकर उघडला की ओल खाली जायची. मग पाभर नाही चालायची, मोघडा धरायचा, बी खोल पडायचं. जुना बक्षी, बन्सी त्या खोलीवरनं वर यायचा. पुढं बुटका गहू आला, पाण्याखाली लई भारी, पण कोरड्यात खोल पेरला की निम्मं रान मोकळं. आम्ही बियाण्याला दोष दिला, दुकानदाराशी भांडलो. आज तुमचं वाचून कळतंय की दोष कोंबाचा होता.

तांबेऱ्याचं म्हणाल तर तोही बघितलाय. सकाळी गव्हातून चालून आलं की पायजमा गुडघ्यापर्यंत भगवा. आई म्हणायची, पंढरीला जाऊन आलास का?

रश्मी_दे | १५ जून
माझा अगदी प्राथमिक प्रश्न. आपला गहूसुद्धा हिवाळ्यातच असतो ना? मग ‘हिवाळी गहू’ वेगळा कसा?

पाभर | १५ जून
रश्मी, प्राथमिक नाही, मुळातलाच प्रश्न आहे. आपला रब्बी गहू हिवाळ्यात वाढतो, पण जातीने तो वसंत-गहू. त्याला थंडी मानवते, ओंबी यायला थंडीची अट नसते. इथल्या हिवाळी गव्हाला ती अट असते. कोवळ्या रोपाने कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या जरा वरची थंडी सोसल्याशिवाय त्याच्यातला फुलोऱ्याचा जीन जागाच होत नाही. ही सोय रोपाच्या भल्यासाठीच आहे. सप्टेंबरात उगवलेलं रोप नोव्हेंबरात ओंबी काढून बसलं तर बर्फात मरेल. म्हणून ते थंडी मोजत बसतं.

हा गहू आमच्या संगमनेरला दिवाळीत पेरला तर होळीपर्यंत गवतासारखा जमिनीलगत पसरून राहील. ओंबी नाही.

बांधावरचा दादा, दोष कोंबाचा हे अगदी बरोबर. गव्हाचा कोंब एका नळीसारख्या आवरणात गुंडाळून वर येतो. हरितक्रांतीतल्या बुटक्या वाणांचा जीन काडी आखूड करतो आणि ही नळीही आखूड करतो. नळी मातीतच संपली की आतलं पान उघड्यावर पडतं, मातीत चुरगळतं आणि तिथेच थांबतं. उगवण नळीच्या लांबीवरच ठरते असं मात्र नाही. काही वाणांचं पहिलं पानच जोरकस असतं, ते नळीबाहेर पडूनही माती भेदतं. ‘ब’मध्ये दोन्ही थोडं थोडं आहे.

तुळजापूरचा_तात्या | १५ जून
होळीपर्यंत नुसतं गवत? म्हणजे आमच्या म्हशींचा वाण सापडला!

ओक्लाहोमा_मराठी | १५ जून
तात्या, तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण इथे ओक्लाहोमा-टेक्सासात खरंच तसं करतात. हिवाळी गव्हात हिवाळाभर गुरं चारतात आणि काडी धरायच्या आधी बाहेर काढतात. रोपाचा वाढीचा कोंब तोवर जमिनीलगत असतो, त्यामुळे वरची पानं खाल्ली तरी ओंबी शाबूत. एकाच रानात मांस आणि धान्य. आधी पटलं नव्हतं, मग शेजारच्या शेतात डोळ्यांनी पाहिलं.

गेरवा | १६ जून
धाग्याचं शीर्षक वाचून राहवलं नाही. माझी सगळी नोकरी गव्हाच्या रोगांवर गेली. महाबळेश्वरच्या गहू संशोधन केंद्राच्या नावात ‘गेरवा’ आहे, शेतकरी ‘तांबेरा’ म्हणतो, दोन्ही एकच. त्याचे तीन प्रकार: खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी, आणि पाभरताईंच्या रानातला पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा. पिवळ्याला गारवा लागतो, म्हणून तो पंजाब-हिमाचलात छळतो आणि आपल्या सपाटीवर सहसा येत नाही. आपला वैरी काळा, आणि त्याच्या जोडीला नारिंगी.

हा रोग का कठीण, ते आपल्या दख्खनवरून सांगतो. मे महिन्यात महाराष्ट्रात हिरवा गहू कुठे असतो? कुठेच नाही. तांबेरा जिवंत हिरव्या पानाशिवाय जगत नाही. मग दर वर्षी येतो कुठून? आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी आयुष्य घालून याचं उत्तर शोधलं. निलगिरी आणि पळनीच्या डोंगरांत गहू वर्षभर कुठे ना कुठे असतो, तिथे काळा तांबेरा उन्हाळा काढतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन उत्तरेला येतो. पुढे जोशी आणि नागराजन या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात होणाऱ्या वादळांशी त्याची सांगड घातली. वादळ बीजाणू उचलून आणतं, पाऊस ते पानांवर उतरवतो.

म्हणजे शत्रू हवेतून येतो, अब्जांनी येतो, आणि प्रत्येक हंगामात त्याच्या कित्येक पिढ्या होतात. एका मोठ्या जीनचं कुलूप त्या अब्जांतल्या एकाला उघडता आलं की संपलं. पुढच्या हंगामात त्याचीच प्रजा सगळीकडे. ‘ब’सारख्या वाणात कुलूप नसतं, चिखल असतो. सगळ्यांनाच चालता येतं, पण कुणालाच धावता येत नाही. शत्रूला निवडून काढायला तिथे फारसं काही नसतं. माझं मत ‘ब’ला.

१९४६-४७ च्या काळ्या तांबेऱ्यानं मध्य भारतात आणि आपल्याकडे झालेली नासाडी आमच्या गुरुजींनी पाहिली होती. ते सांगत, ओंबी भरलेली दिसायची आणि हातात चोळली की फुंकरीनं उडायची.

कणगी | १६ जून
मी असहमत. सगळे ‘ब’च्या बाजूने भावनेने झुकलेत असं वाटतं.

बियाण्याच्या व्यवसायात वीस वर्षं आहे. शेतकरी बांधावर उभा राहून पान बघतो. ३० टक्के पिवळं पान दाखवून “काळजी करू नका, हवा तापली की थांबेल” असं सांगणारा मी असेन, तर दुसऱ्या वर्षी तो माझ्याकडे येणार नाही. ‘अ’ चार वर्षं स्वच्छ आहे. समजा आणखी सहा वर्षं टिकला, तर सहा वर्षं शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च वाचला. तोवर दुसरा वाण काढा, पैदासकाराचं कामच ते.

शिवाय ‘हवा तापली की’ ही अट मला खटकते. एखाद्या वर्षी नाही तापली तर?

पाभर | १६ जून
कणगी, शेवटचा मुद्दा माझ्याही मनात टोचत होता, म्हणूनच धागा काढला. खरं आहे. ही मोठेपणी येणारी प्रतिकारशक्ती उष्ण दिवसांवर अवलंबून असते. हिवाळा सौम्य गेला, बर्फाखाली बुरशी जगली आणि एप्रिल-मे थंड-ओला राहिला, तर ‘ब’ला एक फवारणी लागेल. इथल्या कोरड्या पट्ट्यात उत्पन्नच थोडं, त्यामुळे एक फवारणीसुद्धा शेतकऱ्याला जड जाते. हे मी लपवणार नाही.

दुसरी बाजूही सांगते. १९६१ साली इथून गेन्स नावाचा वाण आला. त्यात आणि त्याच्यामागून आलेल्या न्यूगेन्समध्ये अशीच मोठेपणी येणारी ताकद होती, आणि ती अनेक दशकं टिकली. त्याच काळातले मोठ्या जीनचे वाण थोड्या वर्षांत पडले.

पंजाबमेल | १७ जून
नोकरीनिमित्त लुधियान्याला बारा वर्षं काढली. कणगी, ‘आणखी सहा वर्षं’ हा हिशोब तिथे प्रत्यक्ष पाहिलाय.

पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण १९९५ साली आला. इतका चांगला की पंजाबात जिकडे पाहावं तिकडे तोच. त्याच्यात राय नावाच्या धान्याच्या गुणसूत्राचा तुकडा होता, उत्पन्नही देई आणि तांबेराही अडवी. मग पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या जाती आल्या आणि त्या वाणातल्या कुलपांच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. डिसेंबर-जानेवारीत डोंगरपायथ्याच्या गावांतून पिवळे ठिपके सुरू व्हायचे आणि लोक फवारणीचे पंप शोधत फिरायचे. पुढे एचडी २९६७ आला, सगळे त्याच्यावर गेले, मग त्याच्यावरही रोग दिसू लागला.

एका वाणाचं पडणं तिथपर्यंत ठीक. पण सगळ्या राज्याने तोच पेरलेला असतो तेव्हा तो एकटा पडत नाही.

प्रयोगवही | १७ जून
मी गव्हाच्या जीन्सवर प्रयोगशाळेत काम करते, शेतीचा अनुभव नाही. कणगींच्या बाजूने एक मुद्दा मांडते, कारण ‘एक जीन म्हणजे वाईट’ हे सरसकट खरं नाही.

पाभरताईंच्याच भागात डोळ्याच्या आकाराचे डाग पाडून बुंधा कुजवणारा एक रोग आहे, त्याने गहू आडवा पडतो. त्यावरचा जीन एका रानगवतातून फ्रान्समध्ये गव्हात आणला गेला आणि १९८८ च्या मॅडसन वाणातून तिकडच्या रानांत पोहोचला. एकच जीन. तो अजून टिकून आहे! कारण ती बुरशी जुन्या धसकटांवर राहते आणि पावसाच्या शिंतोड्यांनी जवळच्या जवळ पसरते. तांबेऱ्यासारखी ती हजार मैल उडत नाही. त्यामुळे जीन एक की अनेक, यापेक्षा रोग कसा प्रवास करतो हे आधी विचारावं.

आणि दोन्हींच्या मधलंही काही असतं. एलआर३४ नावाचा जीन घ्या. एकटाच आहे, पण कुलूप नाही, गेरवाकाकांच्या भाषेत चिखलच आहे. नारिंगी, पिवळा, काळा आणि शिवाय भुरी, चारही रोगांना थोडा थोडा आवर घालतो. २००९ साली तो नेमका कोणता हे कळलं, आणि तो पेशींतून पदार्थ बाहेर-आत नेणाऱ्या प्रथिनाचा निघाला. त्याची खूण म्हणजे पानाचं टोक वाळतं. ताई, ‘ब’च्या पानांची टोकं वाळतात का?

पाभर | १७ जून
प्रयोगवही, आज मुद्दाम जाऊन पाहिलं. काही वाळलेली आहेत, पण काल-परवा ऊन फार होतं, नुसत्या डोळ्यांवर विसंबणार नाही. पानं कापून पाठवली आहेत, जीन-खुणेची तपासणी होईल.

रश्मी_दे | १७ जून
अवांतर: या गव्हाच्या पोळ्या कशा होतात?

पाभर | १८ जून
इथला बहुतेक गहू मऊ आणि पांढरा, प्रथिनं कमी. पोळी मऊसूत होते, पण लाटताना फाटते, ताण धरत नाही. मी थोडा कडक गहू मिसळते. हा गहू खरा केक, बिस्किटं, शेवया यांचा. बराचसा पोर्टलंड बंदरातून जपान, कोरिया, फिलिपिन्सला जातो. याची गोटीदार, आखूड ओंबीची एक जात आहे, तिला इथे क्लब म्हणतात. जपानी लोकांना स्पंज केकसाठी तोच लागतो. म्हणजे रोग, उगवण, बर्फ हे सगळं पार करून आलेला वाण शेवटी प्रयोगशाळेतल्या भट्टीत बिस्किट कसं फुगतं यावर नापास होऊ शकतो. सात वर्षं जपलेल्या एका ओळीचं माझ्यासमोर असं झालंय. दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

सोलापूरची_सुगरण | १८ जून
मग आमची गव्हातली जुनी खपलीच बरी. खीर करा, लापशी करा, पोळी करा. आणि तिला म्हणे रोग लागत नाही. खरं का हो गेरवाकाका?

गेरवा | १८ जून
लागतच नाही असं नाही, पण तुमच्या खपलीचा मान किती मोठा आहे ते ऐका.

अमेरिकेत मिनेसोटाला स्टॅकमन नावाचे शास्त्रज्ञ होते. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायच्या कशा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. बुरशी दिसायला सारखीच. मग त्यांनी आणि लेव्हाइन यांनी बारा गहू निवडले. आलेली बुरशी त्या बारांवर टाकायची आणि कुणावर फोड येतात, कुणावर नाहीत, यावरून जात ठरवायची. १९२२ साली हा संच प्रसिद्ध झाला. त्या बारांतल्या एकाचं नाव ‘खपली’. तसंच्या तसं. जगभरच्या रोगशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं आपल्या नोंदवहीत हा मराठी शब्द लिहिला.

खपलीतून पुढे गव्हात आलेले जीन्स आहेत, एसआर१३ आणि एसआर१४. १९९९ च्या सुमारास युगांडातून काळ्या तांबेऱ्याची यूजी९९ ही जात निघाली आणि पंजाबमेल म्हणतात त्या रायच्या तुकड्यातला जीन तिच्यापुढे निकामी ठरला. जगभर धावपळ झाली. तेव्हा तिच्यासमोर उभे राहिलेल्या जीन्समध्ये एसआर१३ होता.

सोलापूरची_सुगरण | १८ जून
अंगावर काटा आला वाचून. उद्या सासूबाईंना सांगते. त्या अजून दर वर्षी बी राखून ठेवतात, आम्ही म्हणायचो कशाला एवढा खटाटोप.

बांधावरचा | १८ जून
ठेवू द्या त्यांना. कडुनिंबाचा पाला घालून ठेवत असतील तर लई चांगलं.

पाभर | १९ जून
खपलीवरून इथली एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे असं परवापासून वाटतंय.

१९४८ साली जॅक हारलन हे वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्कस्तानात धान्याचे नमुने गोळा करत होते. पूर्व भागात त्यांना एक गहू मिळाला. दिसायला केविलवाणा: उंच, बारीक काडीचा, आडवा पडणारा, नारिंगी तांबेऱ्याला बळी पडणारा, कडक हिवाळा न सोसणारा, भाकरीला वाईट. त्याला पीआय १७८३८३ हा क्रमांक मिळाला आणि तो पंधराएक वर्षं कुणी हात न लावता साठ्यात पडून राहिला.

मग इकडे वायव्येला पिवळा तांबेरा भडकला. शोधाशोध करताना हा गहू काढला, तर तो पिवळ्याला दाद देईना. दाण्यात काळी भुकटी भरणारी, कुजक्या मासळीचा वास मारणारी काणी असते ना, तिच्या डझनावारी जातींनाही दाद देईना. बर्फाखाली रोप कुजवणाऱ्या बुरशीलाही बऱ्यापैकी तोंड देई. त्याच्यापासून १९६५ साली ओरेगॉनमध्ये मोरो नावाचा वाण झाला.

आता पुढचं ऐका. मोरोचा पिवळ्या तांबेऱ्यावरचा जीन थोड्या वर्षांत पडला. गेरवाकाका म्हणतात तसंच झालं. पण कोरड्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी मोरो सोडला नाही! कारण १५ सेंटिमीटर खोलीतूनही तो वर येतो. आजही आम्ही उगवणीची परीक्षा घेतो तेव्हा तुलनेला मोरोची ओळ लावतो. ज्यासाठी त्याला निवडलं ते संपलं, आणि ज्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नव्हतं त्यासाठी तो राहिला.

बांधावरचा दादांनी पहिल्याच दिवशी एका ओळीत हेच लिहिलं होतं.

कणगी | १९ जून
मोरोची गोष्ट माहीत नव्हती. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण एक बदल सुचवतो. ‘ब’ न्यायचाच असेल तर शेतकऱ्याला पहिल्या दिवसापासून सांगा: एप्रिलमध्ये रान बघायला जा, थंड वसंतात एक फवारणी धरून चाला. आमच्या धंद्यात लोक वाणाचं कौतुक सांगतात आणि उणीव शेतकऱ्याला रानात कळते. तिथून विश्वास जातो.

निफाडचा_मळा | १९ जून
एक साधा प्रश्न. ‘अ’ आणि ‘ब’चा संकर का करत नाही? कुलूपही आणि चिखलही.

पाभर | २० जून
केलाय. दोन वर्षांपूर्वीच. पण हिवाळी गव्हात प्रत्येक पिढीला ती थंडी द्यावी लागते, म्हणून घाई करता येत नाही. संकरापासून शेतकऱ्याच्या हातात बी पडेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज. एक आडवाट आहे. गव्हाच्या फुलावर मक्याचा पराग टाकतात. बीज धरतं, पण मक्याची गुणसूत्रं गळून जातात आणि निम्म्या गुणसूत्रांचा गव्हाचा भ्रूण उरतो. तो काचेच्या नळीत वाढवून औषधाने गुणसूत्रं दुप्पट केली की एका फटक्यात शुद्ध ओळ मिळते. चार-पाच पिढ्या वाचतात. तशा ओळी आता कुंड्यांत आहेत. पण त्यांना रानातले हिवाळे दाखवायचे बाकी आहेत, ते कुठल्याही नळीत वाचवता येत नाहीत.

तोवरच्या वर्षांसाठी ‘अ’ की ‘ब’ हा प्रश्न उरतोच.

गेरवा | २० जून
आणि त्या संकरातून निवडताना एक जपा. मोठा जीन असला की पान स्वच्छ दिसतं, त्याच्या आड चिखल आहे की नाही ते कळत नाही. मोठा जीन पडतो त्या दिवशी कळतं. त्यामुळे नुसती स्वच्छ पानं बघून निवडाल तर छोटे जीन्स नकळत गळून जातील. खुणा तपासून घ्या.

पाभर | २० जून
हो काका. हे कागदावर लिहून टेबलासमोर लावलंय.

तुळजापूरचा_तात्या | २ ऑगस्ट
ताई, काय ठरलं? आमच्याकडे तुमच्या गव्हाची रोज चौकशी होते.

पाभर | ९ ऑगस्ट
कापणीत होते, उशीर झाला. ठरलं. मोठ्या चाचणीत ‘ब’ पाठवतेय. पानांची तपासणी आली, प्रयोगवहीचा अंदाज चुकला. ‘ब’मध्ये एलआर३४ नाही, दुसरेच छोटे जीन्स आहेत. ‘अ’ माझ्याकडे छोट्या वाफ्यांत राहील, फेकून देत नाहीये. कणगींची सूचना चाचणीच्या टिपणात जशीच्या तशी घातली: थंड, ओल्या वसंतात फवारणीची गरज पडू शकते.

पाभर | २ ऑक्टोबर
एक बातमी. ‘ब’ पाच सप्टेंबरला पेरला, १४ सेंटिमीटरवर. चौथ्या दिवशी अवेळी सर आली, जेमतेम पाच मिलिमीटर, आणि वर ऊन. मातीवर पापुद्रा धरला. इथल्या शेतकऱ्याला या पावसाची जेवढी भीती, तेवढी दुष्काळाची नाही. बाजूच्या ओळींत कोंब पापुद्र्याखाली घडी होऊन बसले. रोज सकाळी जाऊन गुडघ्यावर बसून मोजत होते.

दहाव्या दिवशी ‘ब’ने पापुद्रा उचलला. अक्षरशः उचलला, मातीच्या खपल्या उभ्या झाल्या होत्या आणि त्यांच्याखाली हिरवी टोकं. मोरोपेक्षा थोडा मागे. ‘अ’च्या वाफ्यांत तिसरा हिस्सासुद्धा आला नाही.

तांबेऱ्याचं आता एप्रिलमध्ये कळेल.

बांधावरचा | २ ऑक्टोबर
ताई, आमच्याकडं पापुद्रा धरला की बोरीची फांदी दगड बांधून रानावरनं हळूच ओढायचे. कोंब मोडत नाही, माती फुटते. तुमच्याकडं तसलं काही करतात का?

पाभर | ३ ऑक्टोबर
दादा, इथे फिरत्या दात्यांचं अवजार असतं, तेच काम करतं, पण खोल सऱ्यांमध्ये कोंब तुटायची धास्ती असते. बोरीची फांदी किती जाड घ्यायची आणि दगड केवढा? पुढच्या वर्षी एका वाफ्यावर करून बघते.

बांधावरचा | ३ ऑक्टोबर
मनगटाएवढी, काट्यांसकट. दगड दोन शेराचा, जास्त नको. सकाळी दंव असताना ओढू नका, ऊन चढू द्या.